पिचकारीची जागा

“डाव्या हाताने वाढलंस तरच ताक घेईन,” अण्णा आत स्वयंपाकघरात म्हणत होते.

“मग आज ताक नाही,” अक्का म्हणाल्या.

“अगं, प्रयोग आहे तो.”

“प्रयोग तिकडे विमानात करा. माझ्या घरात डाव्या हाताने कोणी काही वाढत नाही आणि घेतही नाही. बेडा म्हणजे बेडा, नको म्हणजे नको.”

मी बाहेर व्हरांड्यात पुस्तक उघडून बसले होते आणि त्यातलं एक अक्षरही वाचत नव्हते. थोड्या वेळाने अण्णा ओठ कोरडेच ठेवून बाहेर आले, खिशातली वही काढली आणि उभ्याउभ्या तिच्यात लिहिलं: ‘तिसरा दिवस. निकाल तोच.’

जगातल्या प्रत्येक वस्तूला एकच खरी जागा असते, आणि ती शोधून काढायला लागणारा वेळ परमेश्वराने फक्त आपल्यालाच दिलेला आहे, अशी पक्की समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या आईचे थोरले मामा. मल्लेश्वरममधली ती सबंध गल्ली त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. आईच्या माहेरचे लोक कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरातले. त्यांचं मराठी कन्नडमध्ये भिजवून काढल्यासारखं होतं. मी बेळगावहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा पहिले काही दिवस मला त्यांच्या बोलण्यातलं निम्मंच कळे. पण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि स्वभावाने मुकी. त्यामुळे न कळल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मान डोलवत असे. मान डोलवण्यावर माणूस बराच काळ काढू शकतो.

अण्णा विमानाच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते. तिथे हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्यारामागे त्याच आकाराची रंगवलेली आकृती असे, म्हणजे एखादा पाना परत आला नाही तर फळीवर त्याची रिकामी आकृती दिसे आणि तो विमानाच्या पोटात राहिला की काय, हे शोधायला लोक धावत. निवृत्त झाल्यावर ही पद्धत अण्णांनी घरात आणली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर झारा, उलथणं, सांडशी, किसणी यांच्या निळ्या आकृत्या उमटल्या. व्हरांड्यात पाहुण्यांच्या चपलांसाठी पावलं रंगवली होती, तीही बोटं रस्त्याकडे करून, म्हणजे धावत निघायची वेळ आली तर वळावं लागू नये. अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, सुरुवातीला आरडाओरडा केला, मग त्यांनाही सवय झाली. एकदा त्या भावाकडे होसकोट्याला आठ दिवस गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा चुलीपुढे त्यांच्या बसायच्या पाटाभोवती निळी रेघ ओढलेली होती. अक्कांनी रेघेकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि पाट बरोबर त्या रेघेत ठेवून पोळ्या लाटायला बसल्या. नवराबायकोचं प्रेम इतक्या तांत्रिक स्वरूपात मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आग हा त्यांचा खास विषय. सिनेमाला गेले की ते आधी दरवाजे मोजत, मग खुर्ची निवडत, आणि मध्यंतरात पुन्हा दरवाजे मोजून येत. माझ्या एका मावसभावाच्या मुंजीत त्यांनी आचाऱ्याला विचारलं, “तेल पेटलं तर काय करणार?” आचारी उडुपीकडचा, तापट. तो म्हणाला, “स्वामी, तुम्ही जेवायला आलात की पंचनामा करायला?” अण्णा रागावले नाहीत. त्यांनी वाळूची एक बादली मिळवली आणि सबंध मुंज ते कढईपासून सहा पावलांवर ती बादली घेऊन उभे राहिले. सहाच का, असं मी मनात म्हटलं असेन, कारण ते आपणहून म्हणाले, “पाचांवर भाजतं, सातांवर वाळू पोचत नाही.” त्या मुंजीच्या फोटोत बटूच्या मागे अण्णा आहेत, कपाळाला गंध, खांद्यावर जरीचं उपरणं, आणि हातात बादली.

तर एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमाराला चिकमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळ्याच्या मालकांनी एक जुनं विमान विकत घेतलं. इंग्लंडात बनलेलं, कापडी पंखांचं, शेजारीशेजारी दोघंच बसतील एवढं. ते जक्कूरच्या धावपट्टीवर एका शेडमध्ये येऊन पडलं होतं. त्याची सगळी दुरुस्ती करून ते उडण्यालायक आहे अशी सही देणारा परवानाधारक माणूस हवा होता. अण्णांनी निवृत्तीनंतरही आपला परवाना दर वर्षी न चुकता नवा करून घेतला होता. का, ते कोणाला सांगितलं नव्हतं. निरोप आला त्या दिवशी अण्णांनी दाढी दोनदा केली.

पंखांचं कापड, इंजिन, तारा, चाकं सगळं तीन महिन्यांत झालं. मळेवाले खूश होते. त्यांनी अण्णांना शब्द दिला होता की विमान तयार झालं की पहिली फेरी अण्णांना शेजारी बसवून, बेंगळुरावरून. हे ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं, आणि अक्कांनी मला हळूच सांगितलं ते ऐकून जास्तच वाटलं. “तीस वर्षं विमानं तपासली ग यांनी,” त्या म्हणाल्या, “पण बसले एकाही विमानात नाहीत. कोणी बोलावलं नाही, यांनी मागितलं नाही.”

मग राहिली एकच वस्तू. आग विझवायचं पितळी उपकरण. लांबट, बाहूएवढं, एका टोकाला मूठ. मूठ मागे ओढून पुढे दाबली की आतलं औषध चिळकांडी होऊन बाहेर येई. अण्णांनी ते पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्याचं इंग्रजी नाव अक्कांना तीन वेळा सांगितलं. अक्कांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे पिचकारी.” त्या दिवसापासून ती पिचकारीच झाली. पुढे मळेवालेही तेच म्हणू लागले. विमानात पूर्वी कोणीतरी असली वस्तू लावली असावी, पण तिची नुसती दोन भोकं तळाच्या फळीत उरली होती, आणि तीही अण्णांच्या मते मूर्ख माणसाने पाडलेली.

पिचकारी कुठे लावायची, हा प्रश्न एखाद्या दुसऱ्या माणसाने दुपारच्या चहापर्यंत सोडवला असता. अण्णांना सात आठवडे लागले. आणि कबूल करायला हवं की त्या सात आठवड्यांत मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. माझं अक्षर वळणदार म्हणून त्यांनी मला लेखनिक नेमलं होतं. मी एक तक्ता केला होता, त्यात जागा आणि ती का नको याची कारणं. तळाच्या फळीवर नको, कारण पट्टा निसटला तर पिचकारी घरंगळत पायाखालच्या पेडलांमध्ये जाऊन अडकेल आणि विमान वळायचंच बंद होईल. आसनांच्या मागे नको, कारण कमरेला आणि खांद्यांना पट्टे बांधलेला माणूस मागे वळू शकत नाही. समोर घड्याळांच्या फळीखाली नको, कारण आग लागते ती इंजिनाला, इंजिन असतं समोर, आणि आग विझवायचं साधन आगीच्या दारात टांगणं म्हणजे शहाणपणा नव्हे. शिवाय पिचकारी पितळी असली तरी तिचं कडं लोखंडी होतं, आणि ते तिथे नेलं की होकायंत्राचा काटा पाहुणा आल्यासारखा वळून बघे. छतावर नको, डोक्यात पडेल. दारावर नको, कारण दार उघडून उडी मारायची वेळ आली तर पिचकारी आधी जाईल.

प्रत्येक जागा अण्णा आधी घरी करून बघत. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारीशेजारी, समोर अक्कांचं शिवणयंत्र म्हणजे घड्याळांची फळी, बाजूला कपडे वाळवायचा घोडा म्हणजे विमानाची भिंत. पट्टे अक्कांच्या जुन्या साडीचे. जो कोणी घरी येई त्याला बसवून बांधत, मग बाजूला उभं राहून हातातल्या घड्याळाकडे बघत अगदी शांतपणे म्हणत, “आग.” पोस्टमनला बसवलं तेव्हा त्याने ते ऐकून साडी सोडली, पत्रांची पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर पळाला. अण्णांनी मला लिहायला सांगितलं, “प्रवासी उतरून पळाला. उंची पाच हजार फूट.”

शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहत. ते कुंपणावरून रोज विचारत, “काय अण्णा, विमानाला पिचकारी लावताय, की पिचकारीला विमान?”

“मास्तर, तुमच्या शाळेत आग लागली असती तर?”

“दोनदा लागली. दोन्ही वेळा मुलांनीच लावली.”

यावर अण्णांनी मुलं किती दारांनी बाहेर पडली, असं विचारलं. मास्तरांना आठवेना. अण्णा त्यांच्याशी दोन दिवस जरा तुटक वागले.

या प्रयोगांतून एक गोष्ट निघाली. चालवणाऱ्याचा एक हात दांड्यावर आणि दुसरा इंजिनाच्या वेगावर. त्याला पिचकारी घ्यायला तिसरा हात नाही. म्हणजे ती घ्यायची शेजारच्या माणसाने. आणि शेजारी बसणार होत्या मळेवाल्यांच्या पत्नी. आठवड्याला मळ्याहून बेंगळूर आणि बेंगळुराहून मळा, म्हणून तर विमान घेतलं होतं. सरळ हिशेबाने पिचकारी दोन आसनांच्या मध्ये, बाईंच्या डाव्या हाताला यायला हवी होती. पण अण्णांनी पाहिलं की डावीकडे ठेवलेली वस्तू घ्यायलाही आपल्याकडची माणसं उजवा हात आडवा नेतात. दूधवाली, पुरोहित, मास्तर, मी, सगळे. लहानपणी डावा हात पुढे केला म्हणून प्रत्येकाने चापट खाल्लेली. ताकाचा प्रयोग त्यासाठीच होता. “आगीत माणूस विचार करत नाही,” अण्णा म्हणाले, “लहानपणी शिकलेलं तेवढंच करतो. अक्का ताकासाठी डावा हात उचलत नाही, तर बाई पिचकारीसाठी काय उचलणार?” म्हणून मधली जागा तक्त्यातून खोडली गेली आणि उरली उजवी भिंत. त्या भिंतीत दार. दाराच्या पुढे, गुडघ्यांच्याही पुढे, वीतभर रिकामी जागा होती. लोक नव्या नातवाकडे बघतात तसे अण्णा त्या जागेकडे बघत राहिले.

आता हात तिथे पोचतो की नाही एवढंच बघायचं होतं. बाई पुरुषांच्या घोळक्यात येऊन बसायला तयार नव्हत्या. मळेवाल्यांनी त्यांच्या हाताच्या लांबीची एक फीत कापून आणली. अण्णांनी ती गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या हाताला लावून पाहिली, आणि शेवटी ती माझ्या हाताला बरोबर बसली. खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत, केसभर कमी नाही की जास्त नाही. अण्णांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. मी त्यांच्या घरी दीड वर्ष राहत होते, पण त्या दिवशी मी कुठल्यातरी आकृतीत नेमकी बसले.

घरच्या खुर्चीत माझा हात पोचला. साडीचा पट्टा जरा सैल सुटत होता, हे मला जाणवलं होतं. सांगण्यासारखं वाटलं नाही.

गुरुवारी आम्ही जक्कूरला गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात चढले, तेही उभ्या विमानात. आतून ते फार लहान होतं, आणि पेट्रोल, वार्निश आणि जुन्या चामड्याचा वास येत होता. मळेवाले चालवणाऱ्याच्या जागी बसले. तिथल्या फिटरने माझे पट्टे आवळले, दार लावलं आणि चहा प्यायला गेला. हे पट्टे साडीचे नव्हते. त्यांनी माझे खांदे आसनाला चिकटवून टाकले. अण्णा पलीकडच्या बाजूला, मळेवाल्यांच्या खिडकीशी उभे होते. त्यांना माझा चेहरा दिसत होता, हात दिसत नव्हता. समोर उजव्या भिंतीवर त्यांनी खडूने फुली मारून ठेवली होती. मी तिला बोट लावायचं होतं, बस.

त्याच वेळी मळेवाले म्हणाले, “अण्णा, एका पिचकारीला सात आठवडे. शनिवारी मला उडायचंय. शनिवारी तुमची सही नसेल तर मी मद्रासच्या इंजिनिअरला बोलावणार. रागावू नका.” ते हळू आवाजात, अगदी सभ्यपणे बोलले. त्यामुळेच ते खरं वाटलं.

अण्णा हसले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि शर्टाच्या खिशात तीच वही. “सरी, सरी, ठीक आहे,” ते म्हणाले. मग मळेवाल्यांच्या खांद्यावरून वाकून मला विचारलं, “पोचतो का ग हात?”

मी हात पूर्ण लांब केला होता. फुली माझ्या बोटांच्या पुढे होती.

“हो,” मी म्हणाले.

“नक्की?”

मी मान डोलवली.

“झालं,” अण्णा मळेवाल्यांना म्हणाले. “ही पोरगी बोलतच नाही. पण बोलली तर ते तपासून बघावं लागत नाही.”

त्या संध्याकाळी भोकं पाडून कडं बसवलं गेलं. शुक्रवारी अण्णांनी माझा तक्ता स्वच्छ घडी घालून फाइलीत लावला आणि सगळ्या कागदांवर सह्या केल्या. त्यांची सही करायची एक रीत होती. आधी कागद टेबलाच्या कडेला समांतर करायचा, मग पेनाचं टोक तीनदा पुसायचं, मग श्वास रोखून सही. कारखान्यात तीस वर्षांत एकदाही त्यांना केलेली सही खोडावी लागली नव्हती. हे ते फुशारकीने सांगत नसत, आपली उंची सांगावी तसं सांगत. रात्रीच्या जेवणाला अक्कांनी शेवयांची खीर केली. अण्णांनी वाटी दोनदा मागितली आणि विमान वळताना मल्लेश्वरमचं देऊळ कुठल्या बाजूला दिसेल, यावर माझ्याशी चर्चा केली. मी डावीकडे म्हटलं.

मी का खोटं बोलले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. अण्णांचं काम जाऊ नये म्हणून, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. पण तेवढंच खरं नाही. दोन पुरुष उत्तराची वाट बघत असताना ‘नाही’ म्हणायला जो आवाज लागतो, तो माझ्याकडे नव्हता. ‘हो’ म्हटलं की सगळे दुसरीकडे बघू लागतात.

शनिवारी सकाळी जक्कूरला ऊन कोवळं होतं आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी नुसती लोंबत होती. अण्णांनी लग्नातला कोट घातला होता. अक्काही आल्या होत्या. मळेवाले बाईंना घेऊन आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. लहानशा चणीच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, डोळ्यांत हसू. हातात मुलासाठी विकत घेतलेली लाकडी गाडी. अण्णांची फेरी आटोपली की त्या लगेच मळ्याकडे उडणार होत्या. मुलगा तिकडे आजीजवळ होता. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

“तूच ना माझ्या जागी बसलेली?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. “भय नाही ना वाटलं?”

“नाही,” मी म्हणाले.

“मग मलाही नाही वाटणार,” त्या म्हणाल्या आणि माझा हात आपल्या हातात घेतला. आमचे हात खरोखरच सारखे होते. बोटंसुद्धा.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण ते फार नाही. त्या दिवशी विमान उडालं नाही. मळेवाले बाईंना घेऊन मोटारीने गेले, आणि जाताना अण्णांशी काही बोलले नाहीत. मद्रासचा इंजिनिअर आला. त्याने पिचकारी दोन आसनांच्या मधल्या नळीला आडवी बसवली, मूठ बाईंच्या बाजूला करून, आणि सही दिली. अण्णा बसने जक्कूरला जाऊन ती बघून आले. घरी येऊन म्हणाले, “बरोबर आहे जागा. डावा हात लागतो खरा. पण हात शिकवता येतो, लांब करता येत नाही.” मग त्यांनी बाईंना कन्नडमध्ये एक लांबलचक पत्र लिहिलं की रोज सकाळी एखादी वस्तू डाव्या हाताने घ्यायची सवय करावी. बाईंनी ती केली असं त्यांचं उत्तर आलं. ते विमान बरीच वर्षं उडालं, आणि पिचकारीची कधी गरज पडली नाही. अण्णांना फेरीचं कोणी पुन्हा विचारलं नाही आणि त्यांनीही मागितली नाही. ते गेले तोपर्यंत त्यांचे पाय जमिनीवरच राहिले. कधी एखादं विमान मल्लेश्वरमवरून गेलं की ते अंगणात येत, मान वर करून बघत, आणि आवाजावरून त्याच्या इंजिनाचं काय बिघडलंय ते सांगत. मी गुरुवारी ‘हो’ का म्हणाले, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. त्यांनी विचारावं असं मला पुष्कळ वर्षं वाटत राहिलं.

तर त्या शनिवारी सकाळी मळेवाल्यांनी तिकडून हाक मारली, “आय्ता, अण्णा? झालं का? निघायचं?” फिटर पंख्याशी जाऊन उभा राहिला. अण्णांनी कोटाची बटणं लावली आणि फाइल काखेत मारून ते विमानाकडे चालू लागले. बाईंनी माझा हात अजून सोडला नव्हता.

“अण्णा,” मी म्हणाले.

बहुधा मी ओरडले असेन, कारण अक्का दचकल्या आणि फिटरने पंख्यावरचा हात काढला. अण्णा वळले.

“गुरुवारी हात पोचला नव्हता.”

मळेवाल्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग अण्णांकडे. अण्णांचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला, असं मला वाटलं. मग त्यांनी फाइल उघडली. विमानाच्या पंखावर कागद ठेवला, पंखाच्या कडेला समांतर केला, पेन काढून पुसलं आणि आपल्या सहीवर पट्टीने एक सरळ रेघ ओढली. ती रेघ वाळेपर्यंत थांबले. मग चालत माझ्याजवळ आले. मला वाटलं आता रागावतील. पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. होकायंत्राचा काटा हलला तेव्हा होती तीच उत्सुकता होती, आणि त्यांनी खिशातून वही काढून कोरं पान उघडलं होतं.

“किती कमी पडला?” त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. कोणी दुसरीकडे बघेना. मी बाईंच्या हातातून हात सोडवला, पंजा वर केला आणि अंगठा आत मुडपला.

“चार बोटं, अण्णा. आणि पिचकारी तेवढी मागे घेतली तर ती दारावर येते. दोन दिवस मी तोच विचार करतेय.”